घरातला माणूस आरोपी झाला, तर सरकारकडून काय काय मागून घ्यायचं

फौजदारी खटल्यात समोरची बाजू फिर्यादीची नसते, सरकारची असते. पोलीस सरकारचे, सरकारी वकील सरकारचे, प्रयोगशाळा सरकारची, सिव्हिल हॉस्पिटलचा जखमी दाखलाही सरकारीच. या बाजूला तुमचा भाऊ आणि कालच वकीलपत्रावर सही घेतलेला एक वकील. ही तफावत कायद्याला ठाऊक आहे, म्हणून त्याने सरकारच्या गळ्यात काही देणी बांधली आहेत. कागद फुकट द्यायचे, वेळेत द्यायचे, आरोपीच्या फायद्याचं असलं तरी दडवायचं नाही. आपल्याकडे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बहुतेक घरं ही देणी तोंडी मागतात. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणतात. साहेबांची बदली झाली की ते बोलणंही त्यांच्याबरोबर जातं.

ज्यांच्या घरात कोर्टाची पायरी पहिल्यांदाच चढली जाते आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. खाली ‘संहिता’ म्हणतो ती हीच.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक प्रकरण धरू. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं गाव, बांधावरून दोन घरांत मारामारी, एकाच्या डोक्यात काठी बसली. फिर्यादीत तिन्ही भावांची नावं. त्यातला धाकटा त्या वेळी उसाचा ट्रॅक्टर घेऊन साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभा होता. फिर्यादीत एक भाऊ जास्तीचा लिहिणं आपल्या भागाला नवं नाही.

पहिलं काम: एफआयआर हातात घ्या

गुन्हा नक्की कोणत्या कलमांखाली आहे हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं की एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायची. नेटवर्कची किंवा तशीच अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ म्हणून भाग आहे. तिथे जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख टाकून शोधा. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे तिथे दिसणार नाहीत. त्यासाठी आणि एरवीही आरोपी किंवा त्याच्या वतीने कोणी पोलीस ठाण्यात अर्ज केला, तर २४ तासांत नक्कल द्यावी असं त्याच निकालात आहे. ठाणे अंमलदार ‘उद्या या’ म्हणाले, तर वकिलांमार्फत कोर्टात नक्कल अर्ज टाका. तिथे दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी.

नक्कल आली की तीन गोष्टी वाचा: घटनेची वेळ, ठाण्यात खबर आल्याची वेळ, आणि प्रत्येक आरोपीने नक्की काय केलं असं लिहिलंय. ‘सर्वांनी मिळून मारहाण केली’ हे एक, आणि ‘धाकट्याने काठी मारली’ हे अगदी वेगळं.

अटक झाली तर पहिले चोवीस तास

प्रत्येक गुन्ह्यात अटक होतेच असं नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांसमोर हजर राहण्याची नोटीस येते. नोटीस आली तर हजर राहा आणि हजेरीची नोंद करून घ्या. नोटीस चुकवणं म्हणजे अटकेला आपणच कारण देणं.

अटक झालीच, तर कारणं आरोपीला सांगावीच लागतात; कलम ४७ आणि राज्यघटनेचा अनुच्छेद २२ दोन्ही तेच सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे अजून पक्कं केलं. कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच देणं शक्य नसेल तर मॅजिस्ट्रेटसमोर रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायची. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा, ‘अटकेची लेखी कारणं मिळाली का?’ अटकेची खबर नातेवाइकाला देणं कलम ४८ प्रमाणे पोलिसांचं काम आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे. मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसून राहील असं त्याच कलमात नाही.

अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीकडे घरचे लक्ष देत नाहीत. कलम ५३ प्रमाणे तो अहवाल आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवा. मागून घ्या. अंगावर वळ असतील तर ते त्यात आले पाहिजेत, आणि नसतील तर तसंही आलं पाहिजे. मॅजिस्ट्रेट ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का’ विचारतात, तेव्हा आरोपी भेदरून ‘नाही’ म्हणतो आणि ते रेकॉर्डवर जातं. त्याला आधीच सांगून ठेवा की जे खरं असेल तेच बोलायचं. सांगलीकरांना २०१७ चं कोठडीतल्या मृत्यूचं प्रकरण विसरता येणार नाही. त्यात पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला. त्यानंतर २०२० साली सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही आणि त्याचं किमान एक वर्षाचं रेकॉर्डिंग सक्तीचं केलं. कोठडीत काही घडलं असेल तर त्या फुटेजसाठी रिमांडच्याच दिवशी अर्ज द्या.

वकील परवडत नसेल तर

कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांच्याबरोबर ‘कोठडीतील व्यक्ती’ हाही वर्ग आहे. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, फोनवर १५१०० ही हेल्पलाइन. आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ नेमलेल्या वकिलांना आता ‘लोक अभिरक्षक’ म्हणतात. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, हा समज सोडा. दिवसभर फौजदारीच करणारा माणूस कधीकधी दिवाणी-फौजदारी-खरेदीखत सगळं करणाऱ्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

पुसलं जाणारं आधी अडवा

आता धाकट्या भावाच्या काट्याकडे येऊ. तो निर्दोष असल्याचा पुरावा दोन ठिकाणी आहे. वजनाची पावती, जिच्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ छापलेली असते. आणि काट्यावरचा कॅमेरा. पावती टिकते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मात्र डिस्क भरली की आपोआप पुसलं जातं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. दोषारोपपत्र यायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत थांबलात तर अर्ज करायला हक्क असेल, पण मागायला फुटेजच उरलेलं नसेल.

दोन पत्रं द्यायची. एक कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना: अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं काट्यावरचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं, कोर्टात लागणार आहे. यात गुन्ह्याची कहाणी सांगायची गरज नाही. दुसरं तपासी अंमलदारांना, प्रत पोलीस अधीक्षकांना: सदर फुटेज आणि वजन पावती तपासात ताब्यात घ्यावी. पत्र आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका, समोरच्या पोस्टातून स्पीड पोस्ट करा आणि पावती फायलीला लावा.

दुसऱ्या पत्रावर वकिलांत दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, बचाव आधी उघडा केला की साक्षीदारांच्या जबाबातली वेळ अर्ध्या तासाने सरकते. हे अगदीच खोटं नाही. म्हणून दुसरं पत्र वकिलाला विचारूनच द्या. पण पहिल्या पत्राला उशीर करायचं काहीच कारण नाही. आणि भाऊ खरोखर काट्यावर होता, तर माझं मत पोलिसांनाही लेखी कळवावं या बाजूचं आहे. निष्पक्ष तपास हा आरोपीचाही हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१० साली बाबूभाई प्रकरणात म्हटलं आहे. पत्र देऊनही पोलीस काट्यावर गेले नाहीत, ही गोष्ट उलटतपासात त्यांच्याच तोंडून वदवता येते.

तासवडे किंवा आनेवाडी टोलनाक्यावरची फास्टॅग नोंद, पेट्रोल पंपाचा कॅमेरा, दवाखान्याचं रजिस्टर, सगळ्याला हाच न्याय. मोबाइल कंपन्यांना कॉल रेकॉर्ड दोन वर्षं ठेवावं लागतं, तरी तेही कोर्टामार्फत लवकर मागवा. फुटेज पेनड्राइव्हवर मिळालं तर ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याचं, हॅश व्हॅल्यूसह (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा तिचा खास आकडा), भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत घ्या. ते नसेल तर पेनड्राइव्ह कोर्टात निरुपयोगी ठरण्याची शक्यता मोठी.

पोलिसांच्या झडतीचंही असंच. कलम १०५ मुळे आता झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावंच लागतं. पंचनाम्यात ‘घराच्या मागील खोलीतून काठी काढून दिली’ असं लिहिलेलं असेल, तर व्हिडिओत कोण कुठून काय काढतंय ते बघायला मिळालं पाहिजे.

दोषारोपपत्राच्या नकला: सही करण्याआधी पानं मोजा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही घाईत. कलम २३० प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून उशिरात उशिरा १४ दिवसांत त्याला पोलीस अहवाल, एफआयआर, साक्षीदारांचे जबाब, मॅजिस्ट्रेटसमोरचे जबाब आणि सोबतचे कागद विनामूल्य मिळाले पाहिजेत. अनुक्रमणिकेसह तेवढ्या प्रती कोर्टात देणं कलम १९३(८) ने पोलिसांवर टाकलं आहे. झेरॉक्सचे पैसे कोणी मागितले तर कलम दाखवा. फिर्यादी पक्षानेही वकील दिला असेल तर त्यांनाही हेच कागद मिळतात, त्याबद्दल नाराज होऊ नका.

प्रत्यक्षात काय होतं? तारखेला पुकारा होतो, पैरवी हवालदार (कोर्टात पोलिसांचं काम बघणारे) दोऱ्याने बांधलेला गठ्ठा पुढे करतात, आरोपी ‘नकला मिळाल्या’ म्हणून सही करतो आणि बाहेर येऊन चहा पितो. गठ्ठा घरी कपाटात. सहा महिन्यांनी वकील उघडतात तेव्हा जखमी दाखल्याचं पान म्हणजे काळा डाग असतो. झेरॉक्सची झेरॉक्स, डॉक्टरांचं अक्षर आणि त्यावर गोल शिक्का. जखम किती सेंटिमीटर, साधी की गंभीर, बोथट हत्याराची की धारदार, हे त्या डागाखाली असतं, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ (जुनं ३०७, खुनाचा प्रयत्न) टिकणार की नाही ते बरंचसं त्यावरच.

म्हणून तिथेच, बाकावर बसून, अनुक्रमणिका आणि पानं ताडून बघा. आता कागद ई-मेलने किंवा पेनड्राइव्हवर दिले तरी ते दिले असंच धरतात. तसं असेल तर फाइल उघडते का ते वकिलांच्या लॅपटॉपवर लगेच बघा. कमी असेल तर सही करताना ‘अ.क्र. १४ व २१ वगळून’ असं लिहा आणि त्याच दिवशी अर्ज टाका. मजकूर साधारण असा:

‘सदर कामी आरोपी क्र. ३ यास दिलेल्या नकलांमध्ये अनुक्रमणिकेतील अ.क्र. १४, जखमी प्रमाणपत्र, वाचता येत नाही व अ.क्र. २१, सी.ए. (रासायनिक विश्लेषण) रिपोर्ट, दिलेला नाही. सदर कागद वाचनीय स्वरूपात मिळावेत. तसेच तपासात जमा केलेले परंतु दोषारोपपत्रासोबत दाखल न केलेले जबाब, कागदपत्रे व मुद्देमाल यांची यादी तपासी अंमलदारांनी हजर करावी, असा हुकूम व्हावा ही विनंती.’

कोर्ट यावर सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. बरेच सरकारी वकील हरकत घेत नाहीत, काही तर राहिलेलं पान टेबलावरच देऊन टाकतात. त्यांचं काम शिक्षा लावून दाखवणं नसून कोर्टाला खरं शोधायला मदत करणं आहे, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय. त्यांच्याशी बोलायचं ते मात्र वकिलांनी. घरच्यांनी त्यांच्या केबिनबाहेर घुटमळण्याने फायदा शून्य.

व्हिडिओ किंवा मोबाइलमधला डेटा पुराव्यात असेल तर त्याची क्लोन प्रत, म्हणजे हुबेहूब डिजिटल नक्कल, मागा. २०१९ च्या पी. गोपालकृष्णन निकालात मेमरी कार्डमधला मजकूर हा दस्तऐवज ठरला, म्हणून आरोपीला तो मिळतो. पीडितेच्या खाजगीपणाचा प्रश्न असेल तिथे प्रत मिळत नाही, वकिलासमोर बघायला मिळतं. ते बरोबरच आहे.

जोडलं नाही, त्याची यादी

वरच्या अर्जातलं शेवटचं वाक्य बरेच जण घालत नाहीत. समजा, पोलीस खरंच काट्यावर गेले. पावतीची प्रत घेतली, काटा क्लार्कचा जबाब घेतला. तो जबाब त्यांच्या कहाणीत बसेना, तर दोषारोपपत्राला जोडलाच नाही. तुम्हाला तो कधी कळणार? कलम २३० खाली सरकार ज्यावर विसंबून आहे तेवढंच मिळतं.

यावर सुप्रीम कोर्टाने २०२१ साली फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबद्दलच्या स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात उपाय दिला: ज्यावर सरकार विसंबून नाही अशा जबाबांची, कागदांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला द्यायची. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात ते पुन्हा बजावलं. आधी फक्त यादी मिळते. यादीत ‘काटा क्लार्कचा जबाब’ दिसला की कलम ९४ खाली तो कागद हजर करण्याचा अर्ज करायचा. कोर्टाला तो खटल्यासाठी गरजेचा वाटला तर हुकूम होतो. दोषारोप निश्चितीआधी असा अर्ज बऱ्याचदा ‘योग्य वेळी बघू’ म्हणून थांबतो, साक्षी सुरू झाल्यावर जास्त चालतो. पण यादी मात्र सुरुवातीलाच मागायची.

केस डायरीशी याची गल्लत करू नका. तपासी अंमलदाराची रोजची डायरी कलम १९२ प्रमाणे आरोपीला मिळत नाही. साक्ष देताना त्याने ती बघून आठवण ताजी केली, तर तेवढ्या भागापुरता उलटतपास घेता येतो. माहिती अधिकारात डायरी मागून वेळ घालवणारे बरेच पाहिलेत. तो रस्ता नव्हे.

घड्याळ सुरू झालंय

नव्या संहितेने मुदती घातल्या आहेत आणि त्या नकलांच्या तारखेला बांधल्या आहेत. पोलीस अहवालावरच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांचा खटला) दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सोडण्याचा अर्ज नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत (कलम २६२). सेशन खटल्यात केस कमिट झाल्यापासून, म्हणजे मॅजिस्ट्रेटने ती सेशन कोर्टाकडे पाठवल्यापासून, ६० दिवसांत (कलम २५०). कागद मिळाल्यावर ३० दिवसांत त्यातला प्रत्येक कागद कबूल की नाकबूल ते सांगायचं (कलम ३३०). जखमी दाखला नकळत ‘कबूल’ झाला, तर तो डॉक्टरला साक्षीला न बोलावताही वाचला जाऊ शकतो. म्हणूनच अर्धवट नकलांवर सही नको म्हणतो.

खालच्या कोर्टाने यादी किंवा नकला नाकारल्या, तर वर दाद मागता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सातारा-सांगली दोन्ही त्याच्याच कक्षेत येतात. रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठायचं दुखणं त्यामुळे गेलं. तरी प्रत्येक कागदासाठी वर धावू नका, आधी खाली लेखी हुकूम घ्या. तोंडी नकारावर वर काही होत नाही.

आपले साक्षीदार आणायलाही सरकार बांधील

सरकारी साक्षी संपल्या की बचावाची पाळी. इथे घरचे म्हणतात, ‘कारखान्याचा माणूस आपल्यासाठी कशाला येईल?’ त्याला हाता-पाया पडून आणायचं नसतं. सेशन खटल्यात कलम २५६ प्रमाणे आरोपीने साक्षीदारासाठी किंवा कागदासाठी अर्ज केला, की कोर्ट समन्स काढतं. निव्वळ त्रास द्यायला, वेळकाढूपणासाठी किंवा न्यायाचा हेतू हाणून पाडायला अर्ज आहे असं दिसलं तरच, कारणं लिहून, तो नाकारता येतो. मॅजिस्ट्रेटकडच्या वॉरंट खटल्यात कलम २६६ आहे. तिथे साक्षीदाराच्या येण्या-जाण्याचा खर्च आधी भरायला सांगू शकतात, त्याची तयारी ठेवा.

अर्जात नुसतं माणसाचं नाव देऊ नका. काट्यावरची पोरं हंगामी असतात, पुढच्या गळिताला तोच क्लार्क असेल याची खात्री नाही. ‘अमुक तारखेचं काटा रजिस्टर, वजन पावतीची स्थळप्रत व जपून ठेवलेलं रेकॉर्डिंग घेऊन कारखान्याच्या जबाबदार अधिकाऱ्याने हजर राहावं’ असं पदाने मागा, आणि सुरुवातीला कारखान्याला दिलेल्या पत्राची शिक्का असलेली प्रत त्या अर्जाला जोडा.